सर्व्हरचं बटण आणि लेखी परवानगी

आमच्या कॉलेजच्या सर्व्हरला बंद पडायला माझ्या घरचं कार्य लागतं. मेहुण्याच्या साखरपुड्यातून मी उठून आलो आहे, बायकोच्या वाढदिवसाला भाट्याला समुद्रावर भेळेची ऑर्डर देऊन निघालो आहे. कारण दर वेळी तेच. रत्नागिरीतली वीज जाऊन आली की सर्व्हर आपणहून सुरू व्हायचा नाही, आणि बटण दाबायला मी जायचो.

बटण कोणीही दाबू शकलं असतं. पण एकदा ढग गडगडल्याबरोबर आमचे हेडक्लार्क भाऊ यांनी, घरच्या टीव्हीची पिन काढावी तसा चालू सर्व्हर बंद करून टाकला. माझं डोकंच फिरलं. प्राचार्यांची सही आणि शिक्का घेऊन मी बटणाशेजारी कागद चिकटवला, 'सिस्टीम अ‍ॅडमिनच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नये.' अ‍ॅडमिन मीच. भाऊंनी शांतपणे त्याची एक प्रत फाइलला लावली.

यंदा मुलीची चिपळूणला कथाकथनाची स्पर्धा होती. चौथीतली पोर महिनाभर आरशासमोर गोष्ट घोकत होती, पण मला ऐकू देत नव्हती. बाबाने ती स्टेजवरच ऐकायची आणि मधेच उठायचं नाही, असा शब्द तिने घेतला होता. मला तो पाळायचाच होता.

म्हणून आदल्या दिवशी मी कायमचा बंदोबस्त केला. बायोस म्हणजे यंत्रात सर्वांत आधी जागा होणारा भाग. वीज आल्यावर उठायचं की पडून राहायचं, हे तिथे ठरवून ठेवता येतं. पूर्वी त्यासाठी सर्व्हरसमोर उभं राहावं लागे, आता टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून, सॉफ्टवेअरमधून जमतं. मी 'वीज आली की सुरू' निवडलं, हिरवी खूण आली, आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना मी जरा जास्तच बोललो. खुणेखाली एक बारीक ओळ होती. बदल नोंदवला आहे, पुढच्या रीस्टार्टला लागू होईल. ती काही मी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बायकोशेजारी तिसऱ्या रांगेत बसलो. मुलीच्या आधी दोघं होते, तेवढ्यात फोन थरथरला. भाऊ सांगत होते की वीज जाऊन आली, सर्व्हर काही उठत नाही आणि हॉलतिकिटं न्यायला पोरं दारात उभी आहेत. फोनवरून तेच सॉफ्टवेअर उघडून सर्व्हर सुरू करावा, तर कॉलेजबाहेरून तिथे पोचायची वाट मी त्याच सर्व्हरमधून काढलेली. लॅचचं दार ओढून घ्यावं आणि किल्ली आत राहावी, तसली गत. मी कुजबुजत भाऊंना बटण दाबायला सांगितलं.

"तोंडी नको, सर," भाऊ म्हणाले. "कागद तुम्हीच लावलात ना? लेखी द्या, लगेच दाबतो."

वाद घालायला वेळ नव्हता. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी परवानगी लिहिली आणि फोटो पाठवला. भाऊंनी कळवलं, तारीख नाही. तारीख घालून पाठवला. मग कळवलं, कारण नमूद नाही. मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी कारण लिहिलं. शेवटी कागदाला आवक क्रमांक पडला, बटण दाबलं गेलं, सर्व्हर उठला. रीस्टार्ट झाल्यामुळे माझा बदलही लागू झाला, म्हणजे आता तो जन्मभर आपणहून उठेल.

मान वर केली तेव्हा टाळ्या चालू होत्या. मीही वाजवल्या. माझी मुलगी स्टेजवर नमस्कार करून खाली उतरत होती. खुर्चीवरून मी उठलो मात्र नव्हतो.

बाहेर गाडीवर वडापाव घेतले. मुलगी भलतीच खुशीत होती.

"बाबा, मी वरून बघितलं. तू सारखा लिहीत होतास. माझ्या गोष्टीचंच ना?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, हो.

"मग दाखव ना," ती म्हणाली, आणि हात फ्रॉकला पुसून तिने पुढे केला.