भालेराव सरांचं वजा चिन्ह

कॉलेजात वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. जुने हजेरीपट कुठे गेले ते सांगता येत नाही, पण कोण कधी काय बोललं ते पाठ असतं! माझे बहुतेक किस्से भालेराव सरांचे. ऐकणारे हसतात. मी जरा कमी हसतो.

नगरच्या आमच्या कॉलेजात सर फिजिक्स शिकवायचे. शिकवून झालं की प्लाझ्मातल्या लाटांचं गणित. उपकरण एकही नाही, नुसता कागद!

लॅबमधले गेनूभाऊ एकदा म्हणाले, "सर, लाट पान्याची. तुमच्या प्लाझ्मात पानी कुठं हाय?"

सर म्हणाले, "वायूत वीज सोडली की अणू फुटतात. ते भारित कण म्हणजे आयन. लाट त्यांच्यात उठते. मी दोन जातींचे आयन घेतलेत, एक जड, धन भाराचा; एक हलका, ऋण भाराचा."

"म्हंजी जड बैल अन् हलका बैल एका औताला! लई हाल हायेत मंग!"

सर दुसऱ्या दिवशी एमएस्सीला हेच शिकवून आले!

*

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या वर्गातली दोन मुलं शेवगावकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, परीक्षा तोंडावर. रविवारी सर एसटीने तिथे पोचले आणि खडीच्या ढिगावर बसून शिकवायला लागले.

मुकादम आला. "मास्तर, शिकवा खुशाल, पन हात थांबता कामा न्हाई."

"बरं," म्हणून सरांनी स्वतःच हातोडी उचलली! संध्याकाळपर्यंत फोडत होते, शिकवत होते.

*

परतले ते तळहाताला फोड घेऊन. पेन धरवेना. मग गणित ते सांगायचे, मी लिहायचो.

एका ओळीत वजा आलं. सर थांबले. "ऋण आयन पुरेसे वाढले तर लाटेचा उंचवटा होत नाही, खळगा होतो!"

मी त्याच विभागातला नवा लेक्चरर, पुण्याचा गोल्ड मेडलिस्ट. म्हणालो, "सर, चिन्ह चुकलंय. सगळ्या पेपरात उंचवटाच आहे."

"असेल. तपासून बघता?"

वही आठ दिवस माझ्या टेबलावर होती. नवव्या दिवशी मी ती परत केली. "तपासलं सर. चूकच आहे."

उघडलीसुद्धा नव्हती!

सरांनी लेख जर्नलला पाठवला नाही.

*

दोनेक वर्षांनी सर पुण्याच्या लायब्ररीतून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. स्टाफरूम गोळा झाली.

"काय, मुलीचं जमलं?"

"नाही हो. खळगाच असतो! परदेशी जर्नलमध्ये छापून आलंय."

प्रिन्सिपॉलांनी हात पुढे केला. "अभिनंदन! तुमचा पेपर?"

"छे, दुसऱ्या कुणाचा तरी. पण गणित तेच. बरोबर होतं!"

सगळे पुड्याकडे वळले. सरांनी त्यांना थांबवलं, माझ्यासमोर आले आणि पुडा पुढे धरला.

"पहिला तुम्ही घ्या. तेव्हा आठ दिवस घालवलेत तुम्ही त्याच्यावर!"