तिसऱ्या पिस्टनवरची काजळी

दोरा दातांनी तोडायच्या. पुस्तक हातात दिलं की आधी शेवट वाचायच्या. माप घेताना गिऱ्हाइकाला बजावायच्या, पोट आत ओढू नका, कापडाला खरं काय ते कळू द्या. गाडीत बसल्यावर किल्ली फिरवण्याआधी समोरच्या काचेखाली हलकेच थोपटायच्या.

आमच्या शेजारच्या शिलाईवाल्या काकू मंगळवारी गेल्या. मला अजून रडू आलेलं नाही. लिहायला बसले की त्यांचे काळे झालेले हात तेवढे दिसतात.

काकूंची गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी. आठवड्यातून दोनदा त्या थोरल्या भावाला घेऊन टेकडीवरच्या दवाखान्यात डायलिसिसला जायच्या. हल्ली चढ लागला की इंजिन खडखडायचं, डब्यात खिळे हलवावेत तसं. एकदा तापून अर्ध्या चढावर थांबलंच. दवाखाना रुग्णवाहिका पाठवायला तयार होता, पण भाऊ हट्टी. तीत आडवं होऊन जायचं ते मेल्यावर, म्हणाले. आपली गाडी चढली नाही तर उपचार बंद.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं प्लग बदलले, टायमिंग जुळवलं. खडखड तशीच. शेवटी त्यानं इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढलं. आत चारही पिस्टनच्या माथ्यावर जळक्या तव्यासारखी काजळी. तिच्यामुळे पेट्रोल भलत्या वेळी पेटत होतं. गाडी चालवता कशी, असं त्यानं विचारलं. काकूंनी अभिमानानं सांगितलं, अगदी सावकाश. चढावरसुद्धा वरच्या गिअरमध्ये. इंजिनाला कधी ओरडू दिलं नाही.

"काकू, तुम्ही गाडी चालवत नाही, कडेवर घेऊन फिरता," मेकॅनिक म्हणाला. "कधी मोकळी पळाली असती तर एवढं बसलंच नसतं."

काकूंनी बाह्या वर सारल्या. "बरं. मग मीच उतरवते तिला."

मेकॅनिकनं आढेवेढे घेतले. शेवटी हेड स्वतःकडे ठेवलं आणि पिस्टनवरची काजळी काढायचं काम काकूंना दिलं. अट एकच, पोलादी पातं लावायचं नाही. काकूंनी दुकानातली लाकडी पट्टी मोडून तिला धार काढली. पिस्टन जोडीनं वर येतात, आधी कडेचे दोन, मग मधले दोन. वर आलेल्याच्या कडेनं ग्रीसची वळी घालायची, म्हणजे कचरा खाली उतरत नाही. रॉकेलनं भिजवायचं, खरवडायचं, पुसायचं. उरलेल्या भोकांत काकूंनी दुकानातल्या फुलाफुलांच्या चिंध्या कोंबल्या. मेकॅनिक म्हणाला, इंजिन सासरी निघालंय.

दिवसभर शिवण, संध्याकाळी गॅरेज. वाकून मान अवघडायची. बाकीचं त्याला करू द्या, असं मी एकदा म्हणाले.

"काजळी मी बसवलीय, मीच काढणार," त्या म्हणाल्या. "तू मोठ्यानं वाच काहीतरी. हात चालतो."

मी वाचत राहिले. कडेचे दोन झाले. मधला एक झाला. राहिला तिसरा, तोही अर्धाच.

मंगळवारी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली. समोरच्या दुकानदाराला वाटलं, सुईत दोरा ओवतायत.

भावानं डायलिसिसची पुढची खेप चुकवली. शनिवारी सुजलेल्या पायांनी गॅरेजमध्ये आले. मी आधार दिला तर हात झटकला. मेकॅनिक म्हणाला, दादा, उरलेलं मी लगेच उरकतो. ते टायरवर बसले आणि इंजिनात बघत राहिले.

"माझ्यासाठी मान मोडून खरवडत होती," ते म्हणाले. "आणि मी घरी रुसून बसलोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलव ती रुग्णवाहिका. पण मी ड्रायव्हरशेजारी बसणार."

फोन करून मी परत आले. तिसऱ्या पिस्टनचा अर्धा माथा उजळला होता. उरलेल्या अर्ध्यावर काजळी रॉकेलनं भिजून मऊ झालेली. मेकॅनिक फडकं हातात घेऊन उभा होता. त्यानं अजून हात लावला नव्हता.