चौतीस खुर्च्यांचा अर्ज

आमचे काका सिनेगॉगचे, आमच्या ज्यू प्रार्थनाघराचे, राखणदार. म्हणजे कुलूप उघडायचं, बल्ब बदलायचे, नळ गळला की प्लंबरला शिव्या घालायच्या आणि प्लंबर आला नाही की स्वतःला. बोलण्याआधी घसा असा खाकरायचे, की समोरच्याला वाटावं आता निवडणुकीचं भाषण ठोकणार. मग म्हणायचे, "दार लावून घ्या, वारा येतो."

दर मंगळवारी ते तिथं म्हाताऱ्यांची बैठक भरवत. व्हॅन घरोघरी फिरून सगळ्यांना आणायची, नर्स रक्तदाब बघायची, उरलेला वेळ भांडणं. शिंपीबुवा आणि रिटायर्ड टायपिस्टबाई पत्ते खेळताना एकमेकांचा उद्धार करायचे. बटणवाली आत्या, काकांची थोरली बहीण, एकेकाळी बटणांचं दुकान चालवायची. आता चौथ्या मजल्यावर एकटी, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. व्हॅनचा ड्रायव्हर तिला पाठीवर घेऊन उतरायचा आणि ती त्याच्या कानात ओरडायची, "डावीकडे भिंत आहे रे, गाढवा!" आठवड्यातून तेवढाच तिचा घराबाहेरचा दिवस.

व्हॅनचा खर्च उचलणारं कुटुंब परदेशी गेलं, जाताना दोन महिन्यांचे पैसे देऊन. राहिली एकच वाट. ज्यू समाजाचं कल्याण आणि मानसिक उभारी यासाठी एक संस्था अनुदान देत होती.

"उभारी म्हणजे नेमकं काय?" काकांनी अर्ज हातात घेऊन काकूला विचारलं.

"तुम्ही सोफ्यावरून उठता ना कण्हत, ते."

तिसऱ्या पानावर रकाना होता, लाभार्थींची संख्या. तिथं काका अडले. आमच्यात माणसांवर बोट ठेवून मोजत नाहीत, अशुभ मानतात. प्रार्थनेला दहा माणसं लागतात, तेव्हा दहा शब्दांचं एक वाक्य म्हणायचं, माणसामागे एक शब्द. वाक्य पुरं झालं की दहा झाले. काकांना आयुष्यात त्यापुढं मोजायची वेळ आली नव्हती. मग त्यांनी खुर्च्या मोजल्या. प्रत्येक खुर्चीला नावाची पितळी पट्टी. माणूस गेला तरी ती काढायची नाही, घरचं कुणी येऊन बसेपर्यंत जागा त्याचीच. चौतीस पट्ट्या. काकांनी चौतीस लिहिलं आणि अर्ज पोस्टात टाकून आले.

महिन्याभरानं संस्थेच्या बाई आल्या, फाइल छातीशी धरून. आवाज इतका गोड, की ऐकतानाच दात दुखावेत. "आपण फक्त एक छोटीशी पाहणी करणार आहोत हं, काका." आणि पेन उगारून सुरू झाल्या, "एक, दोन, तीन…"

"बाई, मोजू नका!" काका ओरडले. टायपिस्टबाईंच्या हातातला पत्ता गळाला.

"मग कसं करायचं, काका?"

काकांनी घसा खाकरला आणि वाक्य म्हणायला सुरुवात केली. शिंपीबुवांना पहिला शब्द, टायपिस्टबाईंना दुसरा, असं करत सहावा शब्द आत्यापाशी पोचला. पुढं माणूस नव्हतं. उरलेले चार शब्द काकांनी तोंडातच ठेवले.

"आणि बाकीचे अठ्ठावीस?"

"हे काय," काका रिकाम्या खुर्च्यांकडे हात करत म्हणाले. "हे आमचे दातांचे डॉक्टर. हे त्यांचे मेहुणे, घड्याळं दुरुस्त करायचे. ही माझी आई."

"हे येत नाहीत का हल्ली?"

"कसे येतील? गेले ते."

बाईंचा गोडवा आटला. "काका, फॉर्मवर जिवंत माणसं लिहायची असतात हो."

"तसं तुमच्या फॉर्मवर लिहिलं नव्हतं," शिंपीबुवा मधेच म्हणाले. कुणी हसलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. किमान पंधरा लाभार्थी आवश्यक. शिवाय चुकीची माहिती दिल्यामुळे तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. काकूनं ते दोनदा वाचलं.

"मला विचारायचं तरी होतं."

"तू काय सांगितलं असतंस?"

"सहा."

"सहावर तरी कुठं दिलं असतं?"

"नसतं दिलं. पण खोटारडे तरी ठरला नसता."

काकांनी शिंपीबुवांना फोनवर सांगितलं, टायपिस्टबाईंना सांगितलं, बाकी तिघांनाही. आत्याचा नंबर लावला आणि तिनं उचलायच्या आत ठेवून दिला. सोमवारीही तेच. मंगळवारी सकाळी ते चार जिने चढून गेले. दार उघडंच होतं. आत्या कोट घालून, बूट चढवून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"तू कसा वर? ड्रायव्हर मेला की काय?"

"व्हॅन बंद झाली, ताई."

"आजच्या दिवस?"

"नाही. कायमची."

"शिंप्याला कळवलंस?"

"हो."

"त्याला आधी सांगितलंस, मला नाही."

तिनं पर्स बाजूला ठेवली, वाकून बुटापर्यंत हात न्यायचा प्रयत्न केला, पोचेना. काका गुडघ्यावर बसले आणि तिच्या बुटाची नाडी सोडायला लागले.

"हळू," आत्या म्हणाली. "उजवा सुजलाय. शेजारणीनं अर्धा तास खपून घातलाय तो."