रिपोर्ट वाचून दाखवला, तेव्हा...

आमच्या संस्थेत चहाला बसलं, की फाईल बाजूला राहते आणि किस्से सुरू होतात. काम तसं गंभीर. मुलांच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं आणि मूल घरी राहावं की बालगृहात, याचा रिपोर्ट बालकल्याण समितीला द्यायचा. त्यात आमच्या मॅडमनी फर्मान काढलं, "ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना आधी वाचून दाखवा. पटलं नाही तर बदला."

झालं! तेव्हापासून किश्श्यांना तोटा नाही.

*

पहिला फटका मलाच. पलूसच्या एका बाईंना मी वाचून दाखवलं, "आई स्वभावाने अबोल आहे."

बाई पदर सावरत म्हणाल्या, "अबोल? आवं मॅडम, तुमी बोलू कवा दिलंत!"

*

आमचा प्रशांत कवठे महांकाळला गेला होता. शाळा बुडवणाऱ्या पोराचा रिपोर्ट. "वडिलांचे मुलाकडे दुर्लक्ष आहे," त्यानं वाचलं.

पोरगंच उसळलं, "खोटं हाय सर! शाळा बुडवली की हे सांजच्याला बरोबर हुडकून काढत्यात. जरा दुर्लक्ष करा, असं लिवा की!"

*

जतला आजी फक्त कन्नड बोलणारी. प्रशांतला त्यातलं ओ की ठो कळेना. मग नातच दुभाषी झाली. आजी हातवारे करत, कपाळाला हात लावत बराच वेळ बोलली.

"काय म्हणाल्या?"

"पोरगी लय गुणाची हाय म्हणती."

"एवढंच? अगं, केवढं बोलल्या त्या!"

"बाकीचं माझ्या खोड्यांचं हाय. ते नगा लिवू!"

*

आणि ही साताऱ्याच्या बालगृहातली मुलगी. आई वारलेली, बाप मेंढरं घेऊन रानोमाळ. आता आपल्या बहिणीच्या शेजारी घर करून तो लेकीला न्यायला आला होता. पण भेटीत दोघं नुसते बसून राहायचे. मी लिहिलं, "वडील भावना व्यक्त करत नाहीत." वाचून दाखवलं.

"व्यक्त म्हंजे?" मुलीनं विचारलं.

"बोलून दाखवणं."

तिनं माझ्याकडनं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "पप्पा बोलत न्हाईत. पण जाताना गेटातनं माघारी येत्यात. परत जात्यात, परत येत्यात. मग त्यांची एसटी चुकती."

मी ते तसंच समितीपुढे ठेवलं. तिथल्या बाईंनी बापाला विचारलं, "खरंच चुकते गाडी?"

"व्हय."

"मग काय करता?"

"गेटाभाईर बसतो, दुसऱ्या गाडीची येळ हुईस्तोवर."

"मला म्हाईत हाय," पोरगी म्हणाली. "वरच्या खिडकीतनं दिसता तुमी."

समितीनं तिला घरी पाठवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं घंटी मारली. हे दोघं बाकड्यावर शेंगा खात बसलेले!

"अहो, गाडी सुटतीय!" मी ओरडले.

बापानं एक शेंग फोडून लेकीच्या हातावर ठेवली.

"सुटू द्या की मॅडम. आज कसली घाई हाय?"