एकी का बेकी

सालेकसाहून गोंदियाला येताना ती म्हातारी आम्हाला गाडीत भेटली. समोरच्या बाकावर एकटीच बसली होती. माझी मुलगी दुसरीत असूनही विसाच्या पुढे अडखळायची, म्हणून शेजारच्या रुळावरून चाललेल्या मालगाडीचे डबे मी तिला मोजायला लावत होते. चुकली की रागावत होते.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि थोडे चिंचोके मुठीत झाकून मुलीपुढे धरले. "सांग, एकी का बेकी?"

"बेकी."

तिनं मूठ बाकावर उघडली. "आता जोड्या लाव. एक उरला तं एकी, नाही उरला तं बेकी."

मुलगी चुकली तरी ती बोलायची नाही. चिंचोके बोटानं पुन्हा एकत्र करायची आणि वाट पाहायची. दर डावाला दोन-चार चिंचोके वाढवायची आणि एकूण किती झाले ते मोजायला लावायची. गोंदिया यायच्या आत मुलगी तिसापर्यंत गेली.

"आजी, तू घरी कोणासोबत खेळते?" मुलीनं विचारलं.

"एकटीच खेळतो. पण दोन्ही मुठी आपल्याच, बाई. झाकतानाच मालूम राहते किती हायेत ते."

गोंदियाला सगळे उतरले. ती बसूनच होती.

"आजी, उतरा. गाडी पुढे जात नाही," मी म्हणाले.

"मले कायले उतराचं हाये? याच गाडीनं वापस जातो. कोणाचं ना कोणाचं लेकरू भेटते."

मुलगी अजून एक डाव मागत होती. मी तिचा हात धरून तिला उतरवलं. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी आमची वाट पाहणारं कोणी नव्हतं. तरी सवयीनं घाई केली.