देव्हाऱ्याशेजारची केबल

माझ्या धाकट्या बहिणीशी बोलायचं तर तिला माझं तोंड दिसावं लागतं. कान गेले तिचे. एकदम नाही गेले, ओहोटीचं पाणी मागे सरत जातं तसे हळूहळू गेले, आणि कुकरच्या शिट्ट्या वाजून वाजून डाळ करपली तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलं. कानाचं मशीन आणलं होतं. ते आत कुईकुई करतं म्हणून तिने मसाल्याच्या डब्यात लवंगांशेजारी ठेवून दिलं. लवंगा किती वेळा संपल्या नि आल्या, मशीन आहे तिथेच आहे. पण ओठ वाचते मात्र अशी, की रस्त्याच्या पलीकडे दोघीजणी काय कुजबुजतात ते ही ओट्यावर बसून सांगते. गल्लीत तिच्यासमोर कुणी कुणाची चहाडी करत नाही, सगळ्या तोंडावर पदर धरतात.

ती राहते रोह्याशेजारी अष्टमीला, मी पेणला. कासू, नागोठणं करत गाडी जाते, पण या वयात रोज कोण जाणार? म्हणून आमचं बोलणं फोनच्या चित्रावर. सकाळी चहा घेताना नि संध्याकाळी दिवा लावला की. माझ्या सासरी गणपतींचा कारखाना आहे. डोळ्यांची आखणी आता सून करते, माझा हात थरथरतो, पण पितांबर अजून माझ्याकडे आहेत. एखाद्या मूर्तीच्या पाटाला फोन टेकवायचा नि रंगवत रंगवत बोलायचं. तिला रंग पटला नाही तर तिकडून नाक मुरडते. मी तोंडात काही घेऊन बोलले की हमखास म्हणते, "आधी गिळ गो बाय. काय बोलतेस ते दिसत नाय."

हे चित्रावरचं बोलणं म्हणजे आमची हौस नव्हती, ती अट होती. बहिणीची एकुलती मुलगी, माझी भाची, गुजरातच्या हद्दीवर एका कंपनीत कामाला आहे. फोन नि इंटरनेटसाठी जमिनीखालून काचेच्या तारेची केबल जाते ना, ती बनवायची कंपनी. तिचं काम केबलची परीक्षा घ्यायचं. ओढून बघायची, पिळून बघायची, पाण्यात बुडवायची, थंड पेटीत गारठवायची. बहीण सगळ्यांना सांगते, आमची पोरगी चांगल्या केबली मोडायचा पगार घेते.

तिचे वडील गेल्यावर भाची म्हणाली, आईला एकटीला ठेवणार नाही, तिला माझ्याकडे नेते. आई म्हणाली, मी हलणार नाही. कारण विचारलं की घर आहे, जास्वंद आहे, पुलावरून रोह्याच्या बाजाराला जायची सवय आहे, असलं काहीतरी सांगायची. खरं कारण तिने मला एकटीला सांगितलं होतं. इथली माणसं तिच्याकडे तोंड करून बोलतात. मासळीवाली टोपली उतरवते ती आधी हिच्यासमोर बसते आणि मग भाव सांगते. दुकानदार मान वर करून बोलतो. आणि सगळे आपल्या बोलीत बोलतात. "तिकडं सगळी हिंदी नि गुजराती," ती म्हणाली, "त्यांचे ओठ मला वाचता नाय येणार, बाय. इथं मी अर्धी बहिरी हाय. तिथं पुरी होईन." पण हे पोरीला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. पोरगी एवढ्या मायेने बोलावते, तिला वाईट वाटेल म्हणून.

मग भाचीने अट घातली. मावशी, तू रोज सकाळ-संध्याकाळ आईला डोळ्यांनी बघशील तर राहू दे तिला. ज्या दिवशी ते बंद होईल त्या दिवशी मी घेऊन जाईन. मोबाईलच्या नेटवर चित्र अडकायचं, ओठ मधेच थांबले की बहीणही थांबायची. म्हणून भाचीने खटपट करून आईच्या घरात ती काचेची तार ओढून घेतली. माणूस आला, खांबावरून केबल घरात आणली, देव्हाऱ्याशेजारी डबा बसवला, आणि उरलेली पांढरी केबल मोठी वेटोळी करून खिळ्याला अडकवून गेला. काय चित्र दिसायचं हो! चहाची वाफसुद्धा दिसायची.

थोडे दिवस असं चाललं आणि मग बिघडलं. चित्र लागायचं, तुटायचं. बहिणीचं तोंड उघडं राहून तसंच थिजायचं, एकदा तर जांभई देताना. माणूस पुन्हा आला, बाहेर खांबापर्यंत सगळं ठीक आहे म्हणाला, डबा बदलून गेला. दोन दिवस बरं वाटलं अशी आम्ही मनाची समजूत घातली, पण पुन्हा तेच. आणि एका सकाळी चित्र लागलंच नाही. मी तिच्या शेजारणीला फोन केला तर ती माहेरी गेलेली. दुपारी दुसऱ्या कुणाला पाठवलं तेव्हा कळलं, मोरीत पाय घसरून बहीण पडली होती. लागलं फार नव्हतं, पाय मुरगळला होता, पण तोवर ती तशीच भिंतीला टेकून बसलेली. मला भाचीला सांगावंच लागलं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, मी गाडी घेऊन येते."

ती येणार त्या दिवशी मीही सकाळची गाडी धरली. रोह्याला उतरून रिक्षाने अष्टमीला पोचले तर बहीण लंगडत लंगडत पातळांच्या घड्या घालत होती. घडी घालायची, पेटीत ठेवायची, पुन्हा काढायची. भाची दुपारी आली. आईचा पाय बघितला, तेल चोळलं. आई चहा करायला उठली तशी भाची माझ्याजवळ जमिनीवर बसली. मी विचारलं, एवढी ती तुझी केबल कच्ची कशी गो निघाली? तिला ते लागलं असावं. उठून गाडीतल्या पिशवीतून तिने केबलीचा वीतभर तुकडा आणला, बाहेर रस्त्याला टाकतात तसल्या जाड काळ्या केबलीचा, आणि सुरीने सोलून मला दाखवायला लागली.

वरचं काळं साल प्लास्टिकचं, त्यात काजळी मिसळलेली असते, म्हणून उन्हाने तडकत नाही. त्याखाली पन्हाळीसारखा दुमडलेला पोलादाचा पत्रा, उंदरांसाठी; त्यालाही दोन्ही अंगांनी प्लास्टिक चढवलेलं, नाहीतर आपल्या धरमतर खाडीच्या खाऱ्या जमिनीत त्याचं काय होईल ते मला सांगायला नको. मग पिवळे धागे निघाले, रेशमासारखे मऊ. मी विळीवर एक कापून बघितला, विळी घसरली. गोळी अडवायची जाकिटं याच्याच जातीच्या धाग्यांची करतात म्हणे. एक दोरा असा, की पाणी शिरलंच तर तो फुगतो नि पाण्याची वाट बंद करतो. मधोमध टणक कांडी, सगळ्याला पाठीचा कणा. तिच्याभोवती रंगीत नळ्या, आणि त्या नळीत केसासारखी बारीक काच. एवढ्या सगळ्या पांघरुणात एवढीशी ती.

"आणि बघ," ती म्हणाली, "नळीपेक्षा आतली काच मुद्दाम थोडी लांब ठेवतात. नळीत ती सैल पडलेली असते. केबल ओढली गेली तर ओढ नळीवर यावी, कांडीवर यावी. काचेवर येता नये."

मला ते फार आवडलं. बाबा होडी बांधायचे ते आठवलं. आम्ही खाडीकाठची माणसं. बाबा ओहोटीला होडी खुंटाला बांधताना दोरी भरपूर सैल सोडायचे, कारण भरतीला होडी वर उचलते, दोरी ताठ असली तर एक तर दोरी तुटते, नाहीतर होडी कलंडते. मी तसं भाचीला म्हटलं. ती हसली, पण तिचं लक्ष डब्याकडे होतं.

चहा झाल्यावर तिने पेनासारखी एक बॅटरी काढली. डब्यातून केबलीचं टोक सोडवून त्यात बसवलं, खिडकी लावली, दार लोटलं. या बॅटरीचा लाल उजेड काचेतून पुढे जातो, म्हणाली. काच धड असली तर केबल बाहेरून काळोखीच दिसते. कुठे मोडली किंवा फार वाकली असली तर तिथून उजेड बाहेर सांडतो.

आम्ही तिघी त्या अंधारात उभ्या. आणि देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेली एक लहानशी कापडी पिशवी होती, ती आतून लाल झाली. राखेतला निखारा दिसतो तशी, मंद. बहिणीने पटकन हात जोडले.

ती पिशवी मी सकाळपासून येता-जाता बघितली होती. मला वाटलं अंगारा असेल, कुठल्या देवाचा नारळ असेल. दुरुस्तीच्या माणसालाही तेच वाटलं असणार, देवाजवळची वस्तू म्हणून त्याने हात लावला नाही. भाचीने ती खाली काढली. बहिणीच्या जुन्या मलमलीच्या पातळाची, कडेला धावदोरा घातलेली. आत ती उरलेली पांढरी केबल, अंगठा नि करंगळीवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली, घट्ट, मधोमध वेढे मारून गाठ दिलेली. प्रत्येक वळणाच्या टोकाला लाल ठिपका पेटलेला.

गाठ बघताच मी ओळखली. बाबांची गाठ. जाळ्याचं सूत घरात सुटं राहिलं की गुंतायचं, पायात यायचं, एकदा आमची आई त्यात अडकून पडली होती. तेव्हापासून बाबांचा नियम होता, सूत असो की गळाची दोरी, घरात आली की हातावर गुंडाळायची, गाठ मारायची, खिळ्याला लावायची. आम्ही दोघी त्यातच वाढलो. बहिणीची गुंडाळी माझ्यापेक्षा नेहमी घट्ट, बाबा तिचंच कौतुक करायचे.

भाची आईकडे पाठ करून बोलली, मग लक्षात आलं तशी वळली आणि पुन्हा विचारलं, हे तू केलंस का?

"मग काय लोंबत ठेवायची? देवाजवळ?" बहीण म्हणाली. "धूळ बसेल म्हणून पिशवी शिवली. पांढरी हाय ना ती."

भाची मटकन खालीच बसली. मला वाटलं आता चिडणार. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. कंपनीत तिने काय काय केलं असेल त्या केबलीचं, आणि तिच्या आईने ती जपण्यापायी तिचा पार गळा आवळून ठेवला होता. काच तुटली नव्हती. वळण फार आवळलं होतं, तेवढंच, उजेड तिथून निसटत होता.

तिने गाठ सोडायला घेतली. बहिणीने तिचा हात धरला. सुटी ठेवली की गुंतेल, मी पुन्हा पडेन, मग तूच म्हणशील चल माझ्याकडे. ते तिने घाईघाईने म्हटलं. मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवला नि सावकाश म्हणाले, "ही घरातली दोरी नव्हे गो. होडीची समज. खुंटाला बांधलेली."

तिने माझ्या ओठांकडे बघितलं, केबलीकडे बघितलं. मग स्वतःच गाठ सोडली. त्या गाठीचं टोक कुठे असतं ते तिला आणि मलाच माहीत.

माळ्यावर आमच्या आईची सुक्या मासळीची रुंद टोपली होती. तिच्या कडेवर बाहेरून आम्ही ती केबल सैल फिरवली, एकही वळण लहान नाही, दोऱ्याने ठिकठिकाणी नुसती टेकवली, आणि टोपली भिंतीला टांगली. पायात यायचा प्रश्न मिटला. भाचीने टोक डब्यात बसवलं. मी फोन घेऊन ओट्यावर गेले आणि आतल्या बहिणीला लावला. चित्र आलं. तिच्या कपाळाची कुंकवाची जागा, नाकावरचा तीळ, सगळं.

"दिसतंय?" मी विचारलं.

"तुझं दात घासायचं राहिलं काय आज," ती म्हणाली.

आत गेले तर पेटी तशीच उघडी. भाची पेटीशेजारी बसलेली. तिने आईला विचारलं, खरं सांग, तुला तिकडे का यायचं नाही? मी खिडकीबाहेर बघायला लागले, शपथ घातलेली होती मला. बहीण पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

"तुझे ओठ मला वाचता येतात," ती म्हणाली. "तिकडच्यांचे नाय येत. तू शिफ्टला गेलीस की मग माझ्याशी कोण बोलणार?"

भाची उठली. पेटीतली पातळं एकेक काढून कपाटात लावली, आईला आवडतात तशी, काठ बाहेर करून. मोरीत फरशीवर खरखरीत पट्ट्या बसवून घेतल्या, शेजारणीकडे किल्ली दिली, आणि सकाळी गाडी घेऊन निघाली. मागच्या सीटवर आईच्या जागी सुकट, जवळा नि मी आणलेले पापड.

आता भाचीही रोज चित्रावर येते, जेवणाच्या सुट्टीत. पूर्वी भरभर बोलायची, आता ओठ सावकाश हलवते, आम्ही दोघी बोलतो तशी. टोपली बघायला मागते. बहीण फोन भिंतीला नेऊन दाखवते, सैल हाय, सैल हाय म्हणते.

पण हात शिवशिवतात बहिणीचे, मला माहीत आहे. परवाच मी पितांबराला पिवळा लावत होते, तोंडात पोहे होते. ती टोपलीकडे बघत म्हणाली, "बाय, नुसता एक वेढा घट्ट करू काय गो? कसंतरी दिसतंय."

बोलता येत नव्हतं. मी पिवळा हात वर करून नाही नाही केलं, आणि तिने मान डोलावली.