मार्क नाही, तर गेटबाहेर नाही

आमच्या कंपनीत तयार माल कमी आणि किस्से भरपूर! एक सांगायला घेतला की दुसरा आपसूक पुढे येतो.

म्हैसूरच्या इंडस्ट्रियल एरियात एक शेड, नऊ माणसं, आणि काम एकच: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात घालायचं यंत्र बनवणं. टेस्टमध्ये पास झालं की त्यावर युरोपात विकायला लागणारा सीई मार्क लागणार, तोवर तो नुसता प्रोटोटाइप. आमचे मालक देशपांडे सर नियमाचे भलते पक्के. "मार्क नाही, तर गेटबाहेर नाही!"

हे सगळ्यांत जास्त झोंबायचं ते रंगण्णांना. आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. पहिला सेट त्यांनीच सोल्डर केलेला, आणि घरी बायकोला, रुक्मावहिनींना, चार वर्षांपासून जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. दर सोमवारी ते विचारायचे, "सर, एक सेट घरी नेऊ?" आणि दर सोमवारी तेच उत्तर मिळायचं.

*

प्रत्येक सेटला 'प्रोटोटाइप, विक्रीसाठी नाही' असं पिवळं लेबल लागायचं. ती लेबलं नजरबादच्या एका प्रेसमध्ये छापायला दिली. गठ्ठा आला, बघतो तर प्रत्येक लेबलवर कोपऱ्यात झकास सीई मार्क!

प्रेसवाला खूश होता. "कोपरा रिकामा दिसत होता सर, म्हणून आमच्याकडून टाकला!"

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आठ महिने आम्ही ज्याच्यासाठी मरतोय, ते यानं जेवणाच्या सुट्टीआधी देऊन टाकलं!" मग सगळे कोपरे त्यांनी स्वतः कात्रीनं कापले.

*

पहिल्या टेस्टला सर सेट घेऊन बेंगळुरूच्या लॅबमध्ये गेले. दुपारी त्यांचा फोन आला, तो रिसेप्शनवरच्या सुधानं घेतला. लाइन खरखरत होती. "सुधा, सगळ्यांना सांग, सीई मिळालं नाही."

सुधाच्या चार पिढ्या म्हैसूरच्या, तिचं निम्मं मराठी कन्नडमध्येच चालतं. आणि कन्नडमध्ये 'सिही' म्हणजे गोड!

संध्याकाळी सर पडल्या चेहऱ्यानं परत आले, तर टेबलावर अर्धा किलो म्हैसूरपाक.

"हे कशाबद्दल?"

"अय्यो सर, तुम्हीच म्हणालात ना, सिही मिळालं नाही!"

सरांनी मुकाट्यानं दोन तुकडे खाल्ले आणि मग नापासाचा रिपोर्ट उघडला.

*

मार्कसाठी माहितीपुस्तिकाही लागते. ती मी लिहिली. परदेशी माणसाला कळते का बघायला गोकुलम भागातल्या योगशाळेत योग शिकणाऱ्या एका जर्मन पाहुण्याला बोलावलं. त्यानं पाऊण तास मन लावून वाचली आणि एकच शंका विचारली.

"कानात घालताना श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा?"

*

एका संध्याकाळी रंगण्णा घरी निघाले, आणि गेटपाशी त्यांचा जेवणाचा डबा शिट्टी मारायला लागला! हे यंत्र चालू ठेवून झाकलं की शिट्टी मारतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण घाईत बंद करायचं राहिलं. नेमके सर तिथंच उभे.

"काय रंगण्णा, कुकर घेऊन चाललात?"

रंगण्णांनी डबा उघडून सेट त्यांच्या हातात दिला. "एकदाच हो सर. रुक्माला एकदा ऐकवतो, सकाळी परत आणतो."

सरांनी सेट आत नेऊन कपाटात ठेवला. मला त्यांचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात ते परत बाहेर आले. "सेट बाहेर जाणार नाही. पण माणूस आत यायला नियमात कुठं मनाई आहे? वहिनींना उद्या घेऊन या. रीतसर टेस्ट करू."

*

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या, केसांत मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं माळून. लॅबच्या स्टुलावर अवघडून बसल्या. रंगण्णांनी सेट त्यांच्या कानात बसवला. पिवळं लेबल दोऱ्यानं खांद्यावर लोंबत होतं. मग चार वर्षांच्या सवयीनं ते कानाशी वाकले आणि ओरडले, "रुक्माऽऽ! ऐकू येतंय काऽऽ?"

वहिनी दचकल्या. "अय्यो, ओरडता कशाला हो! मी काय बहिरी आहे?"

कुणीच हसलं नाही. रंगण्णा खिशात रुमाल शोधत राहिले.

मी टेस्टचा फॉर्म भरत होते. तापमान लिहिलं, आवाजाची पातळी लिहिली. आर्द्रतेच्या रकान्यापाशी अडले, तेव्हा सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, "थोडी आढळली. सेटमध्ये नव्हे."